सेकंदकाटा

ही लेकीच्या बाळंतपणाला कोरेगावला गेली
आणि ऑइलपेंटच्या डब्यातली जास्वंद माझ्या गळ्यात आली.
गोडोलीच्या गॅलरीत, अजिंक्यताऱ्याकडे पाठ करून
आठवड्यात मुडपली. कळ्या उमलायच्या आधीच गळू लागल्या.
वाटलं, पीठ उडालंय कुठूनतरी.
झटकलं, तर बोट चिकट.
मुंगळे मात्र रांगेनं वर चाललेले,
जणू शेंड्यावर कुणी गुऱ्हाळ घातलंय.

चाळीस वर्षं मोती चौकात घड्याळं उघडली.
दुकान विकलं, भिंग ठेवलं.
ते डोळ्यात बसवलं, पान उलटं केलं:
शिरांच्या बेचक्यात, देठाच्या काखेत
पिठ्या ढेकूण.
पिठात लोळलेले, कडेला झालर,
तोंड रुतवून गप्प.

मग काय, स्टूल, चिमटा, स्पिरिटचा बोळा.
स्पिरिट लागलं की पीठ विरतं
आणि खालचं अंग गुलाबी निघतं.
रोज सकाळी एक फांदी.
डबा पाण्याच्या ताटलीत, विटेच्या तुकड्यावर; मुंगळ्यांची वाट बंद.
संध्याकाळी रिठ्याच्या पाण्यात फेटलेलं कडुनिंबाचं तेल,
पानाच्या पोटाला. पाठीवर काय, कुणीही मारतं.
रात्री फोनवर ही विचारायची, "कशी आहे?"
मी म्हणायचो, आधी लेकीचं सांग.

नवव्या दिवशी एक थोराड सापडला,
झिपऱ्याच झिपऱ्या.
चिमट्यात पाय झाडत होता.
दाबला. म्हटलं, म्होरक्याच गावला.

शेजारच्या कणसेंची तनया शेतकी शिकते,
तिला कौतुकानं बोळा दाखवला.
ती जरा वेळ बघतच राहिली.
"काका, हा पिठ्या नाही.
पिठ्या खाणाऱ्या भुंगेऱ्याची अळी आहे ही.
त्यांच्यासारखंच सोंग घेते, मुंगळ्यांनी हुसकू नये म्हणून."
मग ओळखायची कशी?
"चालीवरून. पिठ्या सरकला तर सरकला.
ही धावते."

ज्याची रोजीच काट्यांवर चालली
त्याला एवढं कळू नये.

तेल थांबवलंय. बोळा थांबवलाय.
भिंग लावून नुसता बसतो, चहा निवतो.
आज तिसऱ्या फांदीवर काहीतरी पांढरं
पानाच्या कडेनं तुरुतुरु गेलं.
चिमटा खिशात होता. खिशातच राहिला.

रात्री तिनं विचारलं, "कशी आहे?"
म्हटलं, चालू आहे.