डावी पिसं

पिसं एकाच बाजूच्या पंखाची लागतात, डेस्मंड म्हणाला,
तिन्ही डावी, नाहीतर तिन्ही उजवी.
मिसळलीस, तर बाण वाटेत स्वतःशीच भांडेल.
मी डावी मागवली. टर्कीची, रंगवलेली.
पोस्टाने आली, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर
मी ती पसरली, बाबा कराडच्या दुकानात
गादीवर ब्लाउजपीस पसरायचे तशी.

यादीत रंग अकरा. नावं अगदी कोरडी :
हिरवा, गडद हिरवा, निळा, लाल.
मी मनातल्या मनात ती बदलली.
शेवाळी. आमसुली. चिंतामणी. डाळिंबी.
नुसता 'हिरवा दाखवा' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला
बाबा आधी पाणी द्यायचे
आणि विचार करायला वेळ.

पहिला संच शेवाळी बांधला.
काय दिसत होता भात्यात! दोनदा आरशात पाहिलं,
एकदा बाणांकडे, एकदा माझ्याकडे.
बिशप्स कॅसलच्या मागच्या उतारावर आमचं मैदान,
पलीकडे मेंढ्या, मे महिन्याचं गवत घोट्याच्या वर.
पहिल्याच शनिवारी सहातले तीन बाण
गवतात शिरले
आणि गवतच झाले.
'छान रंग आहे,' डेस्मंड म्हणाला, 'लपायला.'

मग पिवळी बांधली, तर आठवड्यात रानभर डँडेलियन.
मग पांढरी. पण कुंपणाच्या तारेला, काट्यांना, गवताला
मेंढ्यांच्या लोकरीचे पुंजके,
दर चार पावलांवर एक खोटा बाण.
म्हटलं, लाल. लाल तर आंधळ्यालाही दिसेल.

लाल बाण उतारावरून घसरत गेला.
डेस्मंड शोधायला निघाला. नेहमी तोच निघतो.
बाण त्याच्या बुटापासून हातभर लांब होता,
मला इथून दिसत होता, कुंकवाचं बोट ओढल्यासारखा,
आणि तो त्याच्यावरून नजर फिरवून पुढे गेला.
परत आला. पुन्हा गेला.
मग टोपी काढून, उद्याचं हवामान सांगावं तसं म्हणाला,
लाल आणि हिरवं मला एकच.
बत्तीस वर्षं टपाल वाटलं मी.
पेट्या लाल असतात, असं लोक सांगतात.

म्हणजे एवढे दिवस तो पाय घासत चालायचा
ते गुडघ्यांमुळे नव्हे.
बाण पायाला लागेपर्यंत चालायचा.
नवशिक्यांचे बाण, त्यातले माझेच जास्त.

मग दिसतं काय तुला?
निळं, तो म्हणाला. निळं मला सगळ्यांइतकं दिसतं.
थोडं थांबून : जास्तच असेल.

निळा मला कधी आवडला नाही.
शाळेचा स्कर्ट निळा, दवाखान्याचा पडदा निळा,
दुकानात निळे तागे सगळ्यात वरच्या फळीवर.
त्या रात्री लाल पिसं सुरीने खरवडली,
नखांत गोंद, चहा गार.
दोन निळी लावली, आणि धनुष्याकडे पाठ करून बसतं ते तिसरं
लिंबाच्या सालीसारखं पिवळं, खोचताना चटकन कळावं म्हणून.
जोडी जमत नव्हती. बाबा म्हणाले असते,
हे बाण आहेत की आकाशकंदिलाचे उरलेले कागद?
'चिंतामणी' म्हणून पाहिलं, तेव्हा जरा बरं वाटलं.

पुढच्या शनिवारी चौथा बाण चुकला.
मी बोट दाखवलं नाही.
डेस्मंड पाय उचलून चालत गेला, सरळ,
घरोघर पत्रं टाकताना चालत असेल तसा,
वाकला, आणि येताना शीळ घालत होता, बेसूर.

सप्टेंबरात गवत कापलं तेव्हा
माझा एक शेवाळी बाण सापडला.
काडी शाबूत. पिसं नव्हती, फक्त गोंदाच्या तीन रेघा.
उंदरांनी नेली, डेस्मंड म्हणाला.
असतील. त्या उताराखाली कुठेतरी
कुणीतरी त्या रंगावर निजलेलं असेल,
अंधारात, जिथे तो कसा दिसतो
हे कुणी विचारत नाही.