इतर, तपकिरी

चेहरे आधीच पुसून येतात माझ्यापर्यंत.
तो नियम आहे, आणि चांगलाच आहे.
हात मात्र कुणी पुसत नाही.

तमालेत, दवाखान्यामागच्या खोलीत,
वीज असली तर पंख्याखाली,
मी दिवसाला बाराशे फोटो बघते.
गावातल्या बायकांच्या छातीवर बटणाएवढा कॅमेरा,
दर पाच सेकंदांना त्याची पापणी उघडते.
कुणी काय खाल्लं, किती खाल्लं,
ते मी यंत्राला शिकवायचं.
पुढे ते आपलं आपण सांगेल
आणि या खोलीत पुन्हा औषधांची खोकी येतील.

नाव यादीतून निवडावं लागतं.
यादी दूरच्या कुठल्याशा शहरात झाली.
तीत चीजचे अकरा प्रकार आहेत.
दावादावा नाही.
"इतर, तपकिरी" आहे.
आठवडाभर मी "इतर, तपकिरी" लिहीत राहिले
आणि नाकात तो आंबूस, दणकट वास,
ज्यावरून आई रस्त्यातच सांगायची
आज कुणाच्या कालवणात किती पडलाय,
आणि कुणी नुसतंच पाणी वाढवलंय.

शून्य-चार-एक-सात.
हिला मी वाडग्यावरून ओळखते.
निळी कड, एका जागी टवका उडालेला,
तळाशी रंगवलेलं नाव,
संपल्यावरच दिसणारं.
त्यात चार उजवे हात.
फॉर्म विचारतो: या व्यक्तीचा वाटा, ग्रॅममध्ये.
आकडेमोड बघणारा फुसेनी म्हणतो, चारानं भाग की.
भागते.
पण अंगठीचा हात, तिचा, चौकटीच्या खालून येणारा,
दर वेळी उशिरा येतो.
कडेशी घुटमळतो,
भेंडीची तार हवेत लांबवत बसतो
तोवर तिन्ही लहान हात दोनदा जाऊन आलेले.
हात आखडता घेणं म्हणतात ते
पाच-पाच सेकंदांनी असं दिसतं.
त्याला रकाना नाही.

जूनमध्ये, कोठारं खरवडून झालेली
आणि नवा मका अजून गुडघ्याएवढा,
तेव्हा तिच्या फोटोंत भिंत येऊ लागली.
साडेतीन तास भिंत.
कॅमेरा खुंटीला टांगला असणार.
मातीचा गिलावा, त्यावर बोटांचे फराटे,
एक पाल,
सरकत गेलेलं ऊन.
कॅमेरा काढून ठेवला: शून्य.
काही खाल्लं नाही: शून्य.
दोन्हींना एकच शून्य दिलंय.

मेमुनातु मोटारसायकलवरून जाऊन विचारून आली.
परत येऊन आधी पाणी प्यायली.
म्हणाली, "हसली ती.
रिकामं भांडं काय दाखवायचं परक्यांना, म्हणाली.
आणि म्हणाली, जेवले मी.
लिहा, जेवले."

सप्टेंबरपासून यंत्र स्वतः अंदाज सांगतं,
मी फक्त हो किंवा नाही दाबायचं.
बरंच बरोबर असतं त्याचं.
फुसेनी खूश आहे.
आज त्यानं जूनचे जुने फोटो पुन्हा लावले, तपासायला,
आणि भिंत आली.
फराटे, पाल, ऊन.
यंत्रानं जराही न घुटमळता
भिंतीभोवती हिरवी चौकट आखली:

इतर, तपकिरी.
एकशे चाळीस ग्रॅम.

मीच शिकवलंय त्याला.
खाली विचारतंय, बरोबर?

पंखा थांबलाय. वीज गेली असावी,
पडदा बॅटरीवर चालू आहे.
माझ्याकडे तिचा शब्द आहे.