गेरू

किनवटहून आलेल्या बाबूनं गेरूचा डबा दिला, एक कुंचा,
आणि तीस फुटांची दोरी.
घराच्या भिंतीपासून दोरी पोचेल तिथवरची झाडं मोज, म्हणाला,
खोडावर आकडा टाक, छातीएवढ्या उंचीवर.
माझं अक्षर बरं, म्हणून मला रोज तीनशे.

मागच्या होळीनंतर वणवा डोंगर उतरला होता.
सागाची वाळली पानं, पापडासारखी,
पेटत पेटत त्याच्या पुढं उडत आली.
शामकाबाईचा गोठा गेला. दोन शेळ्या, दाव्यासकट.
राखेतही गाठ गाठीसारखीच दिसत होती.
ते पाहिलं होतं, म्हणून कुंचा घेतला.

बैठकीत जो तो आपलं झाड सोडून बोलला.
पळस तोडा, म्हणाला गंगाराम किराणावाला.
त्याच्या दारात पळस नाही.
पोचीराम म्हणाला, झाड कुठं आग लावतं,
मोह वेचणारे लावतात.
तशा वेचणाऱ्या बाया एकदम उठल्या :
पाचोळा न जाळता फूल दिसतं व्हय? तूच वेचून दाव की.
अन् दारू कोणाच्या घशात जाती?
कुणाला टँकर पाहिजे होता, कुणाला पत्रे.
सावलीचं कुणी बोललं नाही.
बैठक चिंचेखाली होती.

एक ते सोळा सरळ गेलं.
सतरावा, सोमूबाई आत्रामचा मोह.
आज आकडा टाकावा, उद्या खोड ओलं आणि कोरं.
पुन्हा टाकावा, पुन्हा धुतलेलं.
हापशाला दोन तास रांग,
आणि ही कळशीतलं पाणी गेरू पुसायला घालवते.

तिसऱ्या दिवशी ती झाडाखालीच बसलेली.
भांडली नाही.
तोडायचं तर तोड, म्हणाली,
शेळ्या माझ्या जावेच्या होत्या, मला कळती आग.
पण नंबर नको टाकू, लेकरा.
रेशनला नंबर, दवाखान्यात नंबर,
घरावरच्या पाटीला नंबर.
ह्याला आम्ही नावानं हाक मारतो.

नाव काय, ते मी विचारलं नाही.
यादीत सतरापुढं जागा मोकळी सोडली.

आता माझ्या दारचा लिंब राहिलाय.
दोरी ताणली तर पोचते,
सैल धरली तर दोन बोटं कमी पडते.
संध्याकाळपासून टोक हातात घेऊन उभा आहे.
गेरू डब्यात वाळत चालला,
आणि डोंगराच्या कडेला, तिकडं वर,
कुणीतरी ओढल्यासारखी एक लाल रेघ.