पंचवीस मिनिटं

निपाणीहून पहिली गाडी.
संकेश्वरला चहा नको म्हणायचा,
साडेनवाला टिळकवाडी, दुसरा मजला,
लिफ्ट बंद असली तरी.

फायलीवर कानडीत काय काय लिहिलंय.
चैत्रा मोठ्यानं वाचते तेव्हा कळतं, मीच ती :
अनसाक्का तातोबा मगदूम.

मग उताणं. हनुवटीखाली पट्टा,
डोक्यामागं दुसरा. पडद्यावर आकडे :
सहा किलो, पंचवीस मिनिटं.
टेबल हळूच ओढतं,
थांबतं, विचार केल्यासारखं,
आणि परत देतं.
पाचव्या-सहाव्या मणक्यात जागा होईल, डॉक्टर म्हणाले,
चाकू नाही, टाका नाही,
चिमटलेली शीर आपोआप मोकळी.
आपोआप म्हणजे वीस खेपा.
खेपेला किती, ते जावयाला ठाऊक. मला सांगत नाही.

"कुत्तिगे सडिल बिडी," चैत्रा म्हणते.
मान सैल सोडा.
आमच्याकडचे कानडी लोक बिड्री म्हणतात.
ही पोरगी म्हैसूरकडची, म्हणते बिडी,
आणि एवढी बांधलेली असून मला हसू येतं.

अगं, बिडीच तर सुटली नाही.
एकेचाळीस वर्षं मांडीवर सूप.
पान भिजव, कातर, जर्दा भर, वळ,
तोंड दुमड, लाल दोरा.
पंचवीसचा कट्टा. दिवसाला हजार,
त्यातल्या मूठभर कारकून छाट म्हणून बाजूला टाकायचा,
त्याचे पैसे नाहीत,
आणि त्या बिड्या परतही नाहीत.
मान खाली होती ती कुणाच्या भयानं न्हवं,
काम तिथं होतं, खाली.
हौसाक्काची तर तिरडीवरसुद्धा सरळ झाली नाही.
तिला कोण ओढणार होतं सहा किलोनं?

"उसिरु बिडी."
सोडते श्वास.
कोपरापासून बोटापर्यंत मुंग्या असायच्या,
आज अंगठ्यापाशीच आहेत.
की मलाच तसं वाटतंय.
वंटमुरीच्या घाटात बस आपटली की कळेल.

ओढतं, थांबतं, देतं.

मध्येच चैत्रा येऊन उभी राहते,
माझ्या पोटाकडं बघत.
तिथं दोन्ही हातांची बोटं
हवेतलं काहीतरी वळत बसलेली,
मला पत्ताच नाही.
ती माझा पंजा धरते, एकेक बोट उघडते,
"अज्जी, कै बिडी."

हात सोडा, असं म्हणायचं असेल तिला.
मी म्हणते, होय गं बाई, हातचीच.
यंत्राची न्हवं.