कारणांचा रकाना

नैरोबीहून फॉर्म आला आहे :
किसुमू शाखेचा नफा का घटला, पाच कारणांत सांगा.
ओचोला पेन टेकवतो, उचलतो.
मागच्या बोळात जनरेटर घरघरतोय, शिलिंग जाळत;
तेही लिहावं लागेल.

पहिलं सोपं. बुडीत कर्ज.
सरोवराकाठचं दुमजली हॉटेल : तीन हप्ते,
मग कुलूप, मग कुलपावर गंज.
शिफारस वरून आली होती,
सही मात्र ओचोलाची.

दुसरं, फरक.
सहानं घ्यायचं, चौदानं द्यायचं,
मधल्या आठांवर पोट भरतं
पहारेकऱ्याचं, घरमालकाचं, प्रिंटरच्या शाईचं.
यंदा आठाचे पाच झाले.
मोठे ठेवीदार घासाघीस करतात,
दुसऱ्या बँकेचं नाव घेऊन खुर्ची मागे सरकवतात.

आपोंदी घासाघीस करत नाही.
साडेतीनला येते, ओमेना विकून,
करंगळीएवढी ती चंदेरी मासळी,
तिचा वास नोटांना, नोटांचा ड्रॉवरला.
चालू खातं. व्याज शून्य.
"ठेवते त्याचं मला काय देता?"
"काही नाही, मामा. सांभाळतो."
"म्हणजे हातउसने मी देते,
आणि पासबुकाचे पैसेही मीच भरते!"
हसत गेली. काचेवर ओल्या बोटांचे ठसे राहिले.

त्या रात्री त्यानं खरंच हिशेब मांडला :
अशा दोनशे अकरा बायका
घमेल्यांसोबत अख्खी शाखा
डोक्यावर घेऊन चालतात.

आणि त्या येतात वद्य पक्षात.
अवसेच्या काळोखात होड्यांवर दिवे लागतात,
ओमेना उजेडाला भुलते.
चांदणं पडलं की दिव्याला कोण विचारतं?
पौर्णिमेच्या आठवड्यात कॅशियर माश्या मारतो,
ठेवी आटतात,
रोकड बाहेरून मागवायची, तीही महाग.

फॉर्मात भांडवल आहे, तरलता आहे, महागाई आहे.
'इतर'ला अर्धी ओळ.
ओचोला तिथे लिहितो : चंद्र.
खोडतो.
हंगामी चढउतार.
खोडतो. पुन्हा चंद्र. पुन्हा खोडतो,
कागद फाटेस्तोवर.

रकाना आता इतका काळा झालाय
की कडेला एक दिवा टांगला
तर ओमेना येईल.