पीळ

कार्नार्वन सोडून तासभर धूळ खाल्ली
की फाटकाशी फोन बंद करून टोपलीत टाकायचे.
पुढे कुजबुजसुद्धा परवानगीने.
चौसष्ट पांढऱ्या थाळ्या
एकाच बाजूला माना करून ऐकत असतात,
आणि त्या मानांना वंगण घालायचं काम माझं.

मी यकोमिना. सारेल चक्कीवाल्याची थोरली.
बापाने चाळीस वर्षं या कारूच्या माळावर
पवनचक्क्यांच्या शिड्या चढून-उतरून
दुसऱ्यांच्या मेंढ्यांना पाणी पाजलं.
मला उंचीची भीती वाटत नाही,
तेवढी इस्टेट त्याने मागे ठेवली.

रात्रपाळीला मोत्लात्सी असतो.
पोरगेला, बिस्किटं चहात बुडवून विसरणारा.
काल पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, हे बघ.
मध्ये एक ठिपका,
त्याच्या दोन्ही अंगांनी सुटलेल्या दोन धारा,
सरळ, जणू कुणी ओळंबा धरून काढल्यात.
या टोकापासून त्या टोकापर्यंत
प्रकाशालाही वीस लाख वर्षं लागतील, म्हणाला.

"विवरातून काही बाहेर येत नाही म्हणाला होतास ना?"
"नाहीच येत."
"मग हे काय?"

त्याने बुटाची नाडी सोडायला घेतली.
मी म्हटलं, राहू दे, तार घे.
एक टोक त्याच्या मुठीत, एक माझ्या,
मधोमध पक्कड. फिरव.
तीन वेढ्यांतच ताण धावत आला
आमच्या दोघांच्या मनगटांत.

"अस्संच," तो म्हणाला. "तिथे जागाच फिरते.
भोवरा, पण पाण्यावाचून.
चुंबकाच्या रेषा त्यात गुंततात,
वळत जातात, आवळत जातात,
आणि तो पीळ ध्रुवांकडून वर सुटतो
कणांना पुढे रेटत,
जवळजवळ प्रकाशाच्या पायाने."

म्हणजे आमच्या चक्कीचं उलटं.
इथे वारा पात्याला फिरवतो,
तिथे फिरणंच वारा सोडतं.

कोणकोणते तारे गिळले असतील त्याने.
लोखंड होतं की वाफ, आता विचारू नये,
नाव पुसलं, गाव पुसलं.
उरलं वजन
आणि गिरकी.
सुंभ जळला, पीळ गेला नाही.

"जाईल," मोत्लात्सी म्हणाला.
"प्रत्येक धार त्या गिरकीतूनच वजा होते.
फार सावकाश. पण वजा होते."
चहा तोवर निवला होता, बिस्किट तळाला.

मागच्या हिवाळ्यात, अपिंग्टनच्या इस्पितळात,
बापाचं अर्धं अंग गेलं होतं.
मला तो आत्याच्या नावाने हाक मारायचा,
मग तेही नाव गेलं.
उजवा हात मात्र चादरीवर
अंगठा नि बोट, अंगठा नि बोट,
रात्रंदिवस काहीतरी वळत होता.
नर्सला वाटलं, लोकरीचे गोळे वेचतोय.
मी खिशातली वीतभर तार दिली.
त्याने ती वळली, नीट, टोक आत दुमडून,
कुणाला बोचू नये म्हणून.
दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितली नाही.

ती तार मोत्लात्सीला दिली नाही मी.
त्याला दिली ती नवी, गुंडाळीतली.

पहाटे एकेचाळीस नंबरची थाळी
दक्षिणेकडे वळताना कुरकुरते.
ग्रीसचा डबा उचलला,
बाहेर वारा पडलेला, सगळं गप्प,
लांब कुठल्याशा शेतावरची चक्की
तेवढी अजून दोन-चार फेरे घेत होती.