रात्रपाळी

नदीचं मूळ शोधू नये म्हणतात.
आमच्या नदीचं मूळ मला पाठ आहे:
सहा इंची पाइप,
उजवीकडे फिरणारा व्हॉल्व्ह,
त्याच्या चाकाचा एक दात तुटलेला.
मी एलेउतेरिओ. गिरणीत बावीस वर्षं रात्रपाळी.

गिरणी जस्त दळायची, शिसं दळायची.
आंदीजचा एक अख्खा खांदा
मैद्याहून बारीक करून ठेवला आम्ही.
त्यातलं चिमूटभर ट्रकांतून बंदराकडे,
बाकीचं आमचं.
गाळाच्या तळ्यात मावेना झालं की फोरमन म्हणायचा,
"पाऊस आहे आज. नदी काही विचारणार नाही."

नदीनं खरंच कधी विचारलं नाही.
विचारलं ते आसुंताच्या मेंढ्यांनी,
पुढचे गुडघे टेकत, एकामागून एक,
आणि मी कुंपणापलीकडून सांगितलं,
गवत वाईट असेल.

मग कंपनीनं नाव बदललं.
मग नावही उरलं नाही.
फाटकाला कुलूप, आणि कुलपाआड तो करडा ढीग,
पाऊस पिऊन आत आत आंबणारा,
पायथ्यातून गंजाच्या रंगानं पाझरणारा.
कुठेतरी पाणी मुरतंय, असं लोक म्हणायचे.
कुठे, ते मला माहीत होतं.

सभेत उभा राहिलो. टोपी काढली.
वार सांगितले, महिने सांगितले, व्हॉल्व्हचे फेरे सांगितले.
कुणी ओरडलं नाही.
मागच्या बाकावर भाजका मका चघळणारं एक तोंड
थांबलं, एवढंच.
आसुंता म्हणाली,
"माफीचं नंतर बघू. फावडं आहे का तुझ्याकडे?"

आधी वरचा ओढा वळवला,
ढिगाला न शिवता खाली उतरावा म्हणून.
ढिगावर चिकणमाती थापली, तीवर इचू गवत लावलं.
पायथ्याशी चुनखडीचा पाट,
त्याखाली पाच डबकी, शेणखत, तोतोराचे लव्हाळे.
लिमाहून आलेल्या युलिसानं कागदाच्या पट्ट्या दिल्या,
म्हणाली, आधी लिंबाला विचारा, मग नदीला.
दोघांनी एकच रंग सांगितला.

वही माझ्याकडे आहे.
एप्रिल: ढिगाशी तीन, पुलाशी चार.
जून: पुलाशी साडेपाच.
ऑगस्ट: कुणाच्या तरी गाई लव्हाळ्यात शिरल्या. पुन्हा साडेचार.
फेब्रुवारी: दुसरं डबकं फुटलं.
चार दिवस नदी तांबडी,
चार दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही.

डबक्यांचा गाळ मी काढतो.
कुणी नेमलं नाही, दुसरं कुणी पुढेही आलं नाही.
तांबूस, लिबलिबीत, दह्यासारखा हलणारा.
नदीकडे निघालेलं हे सगळं
आता बादलीतून उलटं वर जातं,
अस्तर घातलेल्या खड्ड्यात.
ढीग संपायचा नाही, मी संपेन.
युलिसाही हेच सांगते, फक्त हळू आवाजात.

अजून दोनला जाग येते, गजर नसताना.
कंदील घेऊन चुन्याच्या पेटीपाशी जातो.
हात आपोआप उजवीकडे वळतो.
ही झडप डावीकडे उघडते.
हाताला दर रात्री सांगावं लागतं.

काल आसुंता पाचव्या डबक्याखाली आली,
टोपलीभर पांढरी लोकर घेऊन.
धुतली. पिळली. उन्हाकडे धरून
बराच वेळ बघत राहिली.
मग तिनं ती नाकाशी नेली.
बोलली काहीच नाही.
आज दुसरी टोपली घेऊन आली.

वहीत काय लिहावं, ते सुचेना.
तारीख लिहिली.